चूक मुलाला स्वतःलाच दिसावी अशी शाळा : पुण्यातील एका मॉन्टेसरी बालघराविषयी

मॉन्टेसरी या बालशिक्षणपद्धतीचे नाव फलकावर लावण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे पुण्यात बालशाळा शोधणाऱ्या पालकाला या नावाच्या कितीही पाट्या दिसल्या, तरी आत नेमके काय चालते याचा अंदाज त्यांवरून बांधता येत नाही. नातीसाठी आम्ही शाळा पाहत होतो तेव्हा एका ठिकाणी मुलांनी एकावर एक रचायचे गुलाबी मनोऱ्याचे ठोकळे काचेच्या कपाटात कुलूपबंद होते आणि जेमतेम तीन वर्षांची मुले ओळीने बसून इंग्रजी मुळाक्षरे घोकत होती. शहराच्या पश्चिम भागात एका जुन्या बंगल्यात चालणाऱ्या ज्या बालघरात आम्ही अखेर तिला घातले, तिथे प्रवेशापूर्वी पालकांना वर्गाच्या कोपऱ्यात बसून सकाळचे काम पाहू देतात. बोलायचे मात्र नाही. ही एक मुभाच मला पुरेशी बोलकी वाटली. नातीला सोडण्या-आणण्याचे काम माझ्याकडे असल्याने पुढेही तसे बसण्याची संधी मला मिळत गेली, आणि जे पाहिले त्याच्या आधारावर हे लिहीत आहे.

वर्ग म्हणजे एक मोठी, उजेडाची खोली. मुलांच्या छातीपर्यंत येतील एवढ्याच उंचीच्या मांडण्या भिंतीलगत आहेत आणि अडीच ते सहा वर्षांची मुले एकत्र काम करतात. प्रत्येक साधन एकच ठेवलेले असते, आणि ते मुद्दामच. हवे असलेले साधन दुसऱ्याच्या हातात असेल, तर त्याचे काम संपून ते जागेवर परत येईपर्यंत थांबावे लागते. वाट पाहण्याची ही सवय उपदेशाने लागली नसती. आपले आसन स्वतः अंथरायचे, त्यावर काम करायचे, साधन होते तसे मांडणीत ठेवायचे आणि आसन गुंडाळून जागेवर न्यायचे, एवढी शिस्त सोडली तर कोणी काय करावे हे कोणी सांगत नाही.

एका सकाळी साडेतीन वर्षांचा एक मुलगा दट्ट्यांची लाकडी पेटी घेऊन बसला होता. अशा चार पेट्या असतात; प्रत्येकीत दहा दट्टे आणि त्यांच्या मापाची दहा भोके. त्याने मधला एक दट्टा किंचित मोठ्या भोकात टाकला आणि तसाच पुढे जात राहिला. शेवटी हातात एक जाड दट्टा उरला आणि समोर भोक उरले ते बारीक. त्याने तो दाबून पाहिला, उलटा करून पाहिला, मग ताईंकडे नजर टाकली. ताई दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या आणि त्यांनी ते पाहिलेही होते, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. मुलाने सगळे दट्टे बाहेर काढले, पहिल्यापासून सुरुवात केली, आणि जमल्यावर कोणाची शाबासकी न मागता तेच काम पुन्हा केले. चूक झाली हे त्याला पेटीनेच सांगितले. मोठ्या माणसाने सांगितले असते, तर पुढच्या वेळी त्याने पेटीऐवजी माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले असते. या बालघराची सर्वांत मोठी गुणवत्ता माझ्या मते ताईंच्या या न हलण्यातच आहे.

असे थांबणे प्रशिक्षणाशिवाय येत नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. 1939 मध्ये त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि युद्धामुळे 1946 पर्यंत त्यांना भारतातच राहावे लागले. त्या काळात त्यांनी इथे शिक्षकांचे अनेक वर्ग घेतले, आणि आपल्याकडची प्रशिक्षणाची परंपरा बरीचशी तिथून पसरली. या बालघरातील दोन्ही मुख्य ताईंनी पूर्ण वर्षाचा प्रशिक्षणक्रम केलेला आहे. मदतनीस ताई मात्र नव्या आहेत आणि सांडलेले पाणी पुसायला मुलाच्या आधी धावतात. संचालिकांना हे ठाऊक आहे आणि त्या त्यावर काम करीत आहेत, असे मला दिसले.

रोजच्या जीवनातील कामांचा कोपरा हा इथला सर्वांत जिवंत भाग आहे. मुले ज्वारी चमच्याने एका वाटीतून दुसरीत घालतात, मटार सोलतात, चिंच लावून पितळी तांब्या घासतात, ताक घुसळतात, बटणांच्या आणि नाड्यांच्या चौकटींवर काज आणि गाठी जमवतात. पाण्याचा तांब्या काचेचाच आहे, आणि काच फुटू शकते हे मुलांना माहीत असल्यामुळेच ती तो दोन्ही हातांनी, पावले मोजत नेतात. डबा खाल्ल्यावर आपली ताटली आपणच विसळायची असते. नात हे सगळे करू लागल्यावर आम्हाला घरीही बदल करावे लागले. खुंटी खाली आणली, बेसिनपाशी पाट ठेवला, आणि सकाळी बूट घालायला ती जो वेळ घेते तो धरून घरातून लवकर निघू लागलो. हा शेवटचा बदल सर्वांत अवघड आहे, आणि ज्या घरी तो शक्य नाही तिथे शाळेने कमावलेले अर्धे दारातच वाया जाते.

आता उणिवा. पहिली मला मनापासून खटकते. इथे बोटाने गिरवायच्या खरखरीत अक्षरांच्या पाट्या आधी इंग्रजीच्या हाती दिल्या जातात आणि मराठीच्या थेट बालघरातल्या तिसऱ्या वर्षी. मॉन्टेसरीबाईंच्या पहिल्या बालगृहातील चार-पाच वर्षांची मुले वाचण्याआधी लिहू लागली, याला इटालियन भाषेत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच पक्का आहे हेही एक मोठे कारण होते. तशी सोय इंग्रजीत नाही, आपल्याकडे मात्र ती भरपूर आहे. काना-मात्रा येण्यापूर्वीच मूल सुटी अक्षरे जुळवून कमळ, बदक, गवत, नळ, घर असे शब्द स्वतः रचू शकते आणि ते बरोबर की चूक हे उच्चारून स्वतःच ताडून पाहू शकते. दट्ट्यांच्या पेटीत जे तत्त्व इतके काटेकोरपणे पाळले जाते, तेच भाषेच्या बाबतीत पालकांच्या आग्रहापुढे सोडून द्यावे, याचे वाईट वाटते. मी हे संचालिकांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण तूर्त बदल होईल असे दिसत नाही.

दुसरी गोष्ट सलग वेळेची. सकाळचे तीन तास अखंड कामाचे असावेत ही या पद्धतीची मूळ मागणी आहे. इथे आठवड्यातून दोनदा नृत्याचा तास मध्येच घुसवलेला आहे, आणि त्या दिवशी मुले खोल कामाला हातच घालत नाहीत.

तिसरी उणीव शाळेची कमी आणि आम्हा पालकांची अधिक आहे. मोठ्या शाळेतील जागा हातची जाऊ नये म्हणून पुष्कळजण मुलाला दुसऱ्या वर्षानंतर काढून घेतात. तिसरे वर्ष हेच या मांडणीचे फळ असते. मोजणी शिकवणाऱ्या सोनेरी मण्यांमधला हजार मण्यांचा घन दोन्ही हातांनी उचलून आणणारी, धाकट्याला बुटाची नाडी बांधून न देता कशी बांधायची ते दाखवणारी पाच वर्षांची मुले वर्गात कमी झाली, की लहानांनी कोणाकडे पाहायचे? आम्ही नातीला तिसऱ्या वर्षी इथेच ठेवणार आहोत.

शुल्क माझ्या मते जास्त आहे, आणि त्यातला मोठा भाग परदेशी बनावटीच्या साधनांवर जातो असे सांगितले जाते. याच राज्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बिया, शिंपले, पाने अशा भोवतालच्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले, तेही आदिवासी पाड्यांवर. मापाचे साधन काटेकोर हवे हे मान्य, पण इथे ज्वारी आणि चिंच जितकी उत्तम काम देतात ते पाहता आणखी बरेच काही स्थानिक सुताराकडून करून घेता येईल.

ज्यांना वर्षाअखेरीस भरलेल्या वह्या पाहायच्या आहेत त्यांनी इथे येऊ नये. वह्या जवळपास नसतातच. ज्यांच्या घरी मराठी वाचन चालते त्यांनी वरच्या भाषेच्या उणिवेला फार घाबरू नये, मात्र सुट्या अक्षरांचा एक संच घरी जरूर ठेवावा. प्रवेश घेण्यापूर्वी वर्गात पूर्ण सकाळ बसण्याची मागणी करावी, ती नाकारली जात नाही, आणि नृत्याचा तास नसलेला दिवस निवडावा. नावनोंदणी दिवाळीनंतर सुरू होते आणि जागा लवकर भरतात.