उपवासकाळातील त्याग: मांसाचा की प्लास्टिकचा?

राखेच्या बुधवारपासून सुरू होणाऱ्या, ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळात (लेंटमध्ये) सृष्टीसाठी मांस सोडावे की एकदाच वापरायचे प्लास्टिक, असा प्रश्न एका स्नेह्यांना पडला आहे. परिणाम पाहता मांसत्याग, विशेषतः गुरांच्या मांसाचा, अधिक वजनदार ठरतो, कारण रवंथ करताना गुरे मिथेन बाहेर टाकतात आणि त्यांच्या चाऱ्यासाठी मोठी जमीन लागते. शिवाय शुक्रवारच्या मांसवर्जनाची परंपरा कॅथलिक चर्चमध्ये आधीपासूनच आहे. (या वर्जनात मासे चालतात, पण मांसाऐवजी महागड्या मासळीची मेजवानी झाली, तर त्याग कसला?) प्लास्टिक टाळण्याचा उल्लेख पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या विश्वपत्रात (पोपनी साऱ्या चर्चला उद्देशून लिहिलेल्या पत्रात) आहे, त्याला खर्च फारसा नाही, सावधपणा मात्र दिवसभर लागतो, आणि ही सवय ईस्टरनंतर टिकवणे मला अधिक सोपे वाटते. मांस क्वचितच खाणाऱ्यांनी प्लास्टिक सोडावे. रोज खाणाऱ्यांनी मांस.