ब्लूनोजचं लाकडी किट: लाकूड अस्सल, दोरा टाकाऊ

लाकूड बघून घेणार असाल तर जहाजाची छोटी प्रतिकृती घरी जोडायचं हे किट डोळे झाकून घ्या. दोरा, धातूचे भाग आणि सूचनापुस्तिका बघून घेणार असाल तर जरा थांबा. दोनशे डॉलरच्या वर मोजल्यावर असं अर्धंमुर्धं सांगावं लागतंय, याचाच राग आहे.

किट ब्लूनोज जहाजाचं, 1:75 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या पंचाहत्तराव्या हिश्श्याएवढं. कॅनडातल्या माणसाला हे जहाज वेगळं दाखवायला नको, 1937 पासून दहा सेंटच्या नाण्यावर आहे. बाकीच्यांसाठी सांगतो: नोव्हा स्कोशियातल्या लुननबर्गमध्ये 1921 साली बांधलेली ही दोन डोलकाठ्यांची स्कूनर, म्हणजे शिडाचं जहाज, लांबी 143 फूट. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रात कॉड मासा पकडायचा आणि शर्यतीत अमेरिकन स्कूनरांना पाणी पाजायचं, अशी दोन्ही कामं तिनं केली. कप्तान अँगस वॉल्टर्स. 1946 मध्ये हैतीजवळच्या खडकावर आपटून ती संपली.

मी आयुष्यभर ड्रॉइंग काढून पोट भरलं, म्हणून पेटी उघडल्यावर आधी नकाशे पसरले. पूर्ण मापाचे, स्वच्छ, रेघ कुठे फाटलेली नाही. थेट कागदावर लाकूड ठेवून माप घेता येतं. कणा आणि फासळ्या लेझरनं कापलेल्या प्लायच्या. कण्याच्या खाचांत फासळ्या बसवल्या तेव्हा कानस फिरवायची वेळ आली नाही, गुण्यात सगळं काटकोनात बसलं. असं काम हल्ली क्वचित दिसतं.

पेटीवर 'नवशिक्यांसाठी' छापलंय, ते मात्र खोटं. कवच दोन थरांचं आहे: आधी जाड पट्ट्या, वर पातळ पट्ट्या. पट्ट्या लावण्याआधी पुढच्या-मागच्या फासळ्यांच्या कडा तिरप्या घासाव्या लागतात, नाहीतर पट्टी नुसत्या एका कडेवर टेकते आणि सुटते. यावर पुस्तिकेत एकच ओळ आहे, तीही कुठल्यातरी भाषेतून इंग्रजीत फरपटत आणलेली. दुसरी गोष्ट तर पुस्तिकेत नाहीच. जहाजाचा घेर मध्ये मोठा आणि टोकाला लहान, त्यामुळे प्रत्येक पट्टी पुढे निमुळती करावी लागते. मी प्रत्येक फासळीवर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजला आणि त्याला पट्ट्यांच्या संख्येनं भागलं. जी रुंदी आली तेवढी पट्टी तासायची. हिशेब शाळेतला आहे, पण कोणीतरी सांगायला तर हवा!

वाकवायचं तंत्र असं: पट्टी अर्धा तास कोमट पाण्यात बुडवायची, मग तापलेल्या गोल लोखंडावर हळूहळू दाबत न्यायची. वाफ निघते, ओल्या लाकडाचा वास येतो आणि पट्टी एका क्षणी हातात सैल पडते. तेव्हाच थांबायचं, पुढे गेलात की आतल्या बाजूला सुरकुती. गोल लोखंड म्हणून मी आमच्या सौ.चा केस कुरळे करायचा चिमटा घेतला. तिनं आता नवीन घेतलाय.

गंमत म्हणजे वरच्या थराला दिलेलं लाकूड सुंदर गडद, रेषेदार आहे आणि ब्लूनोजचं कवच असतं काळं, पाण्याखाली लाल. म्हणजे एवढं देखणं लाकूड रंगाखाली गाडायचं. मी गाडलं. ज्यांना जीव होत नसेल त्यांनी तसंच पॉलिश करावं, इतिहासवाले काय म्हणायचं ते म्हणोत. डेकच्या पट्ट्या मात्र उघड्या राहतात. त्यांच्या कडांवर पेन्सिल फिरवून मग चिकटवा, डांबर भरल्यासारखी रेघ येते.

आता तक्रारी. या स्कूनरवर डोरी नावाच्या सपाट बुडाच्या होड्या असायच्या. मच्छीमार त्या समुद्रात उतरवून गळ टाकायला जात. बसायच्या फळ्या निघत असत, म्हणून डेकवर या होड्या वाट्यांसारख्या एकात एक ठेवता यायच्या. किटमध्ये होड्या ओतीव धातूच्या आहेत आणि फळ्या आतच ओतलेल्या, म्हणजे एकात एक बसायचा प्रश्नच मिटला. ड्रॉइंगमध्ये मात्र त्या ऐटीत एकावर एक रचलेल्या. ज्यानं साचा केला त्यानं ड्रॉइंग बघितलं नसावं. शेवटी बारीक करवतीनं फळ्या कापून काढल्या.

दोऱ्याबद्दल काय बोलू! उजेडात धरला तर सुरवंट. मेणावरून ओढला तरी लव बसत नाही, आणि डोलकाठीचे ताण ओढायच्या तीन भोकांच्या चकत्यांतून दुसऱ्या फेरीलाच अडकतो. सरळ शिवणकामाच्या दुकानातून चांगला पॉलिस्टर दोरा आणा, पाचसहा डॉलरचं काम. शिडांचं कापड ठीक आहे, पण पांढरंफेक. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं तर वापरात असल्यासारखं दिसतं.

एक श्रेय द्यायला हवं. पातळ पट्ट्या कमी निघाल्या, कंपनीला फोटोसकट मेल केली, तर एक पैसा न घेता पट्ट्या घरपोच आल्या.

पहिलंच किट असेल तर हे नको, आधी एखादी छोटी होडी करा. पुण्या-मुंबईत मागवणाऱ्यांनी कस्टम ड्यूटी धरूनच किंमत बघावी. काचेची पेटी यात येत नाही, तिचे पैसे वेगळे. आमच्याकडे ती अजून आलेली नाही, तोवर मेकअपच्या मऊ ब्रशनं धूळ झटकतो. फडकं घेऊन कोणाला जवळ येऊ देऊ नका, मागच्या शिडाचा एक दोर आमच्याकडे तसाच गेला.