साबांगला जाताय? रद्द झालेल्या परवान्याचे पैसे देऊ नका

मलेशियातल्या लंकावी बेटावरून निघून मलाक्का सामुद्रधुनीचं उत्तरेकडचं तोंड ओलांडलं की सुमात्राच्या टोकाशी वेह बेट लागतं. तिथलं साबांग हे परदेशी यॉटना इंडोनेशियात शिरण्यासाठी ठरवून दिलेल्या बंदरांपैकी एक. मलेशियाकडून येणाऱ्या अनेक शिडाच्या बोटींचा या देशातला पहिला नांगर इथेच पडतो. थकलेली, कागदपत्रांना घाबरलेली, खिशात डॉलर असलेली माणसं ठगांना इथे आयती मिळतात.

आम्ही चौघं, म्हणजे नवरा, मी आणि दोन मुलं, शुक्रवारी सकाळी पोचलो. रात्रभर मोठी जहाजं आणि बिनदिव्यांच्या मासेमारी होड्या चुकवून डोळे तांबारले होते. बोटीची तपासणी व्हायची आहे हे सांगणारा पिवळा झेंडा चढवून अधिकाऱ्यांची वाट बघत बसलो, तोच एक होडी येऊन बोटीला लागली. आत खाकीसारखा शर्ट घातलेला माणूस, गळ्यात बिल्ला, हातात फाइल. नवऱ्याला ‘कॅप्टन’, मला ‘इबु’, म्हणजे बाई. आपण सरकारी अधिकारी आहोत असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणायची गरजच नव्हती.

केबिनमधल्या घड्याळात साडेअकरा झाले होते. त्याकडे बघून तो हळहळला. आज शुक्रवार, नमाजासाठी ऑफिसं बंद झाली, आता थेट सोमवारी, तोवर किनाऱ्यावर उतरता यायचं नाही. आचे प्रांतात शुक्रवारी दुपारी कामं थांबतात हे खरंच आहे. पण आमचं घड्याळ अजून मलेशियाच्या वेळेवर होतं. साबांग एक तास मागे. तिथे साडेदहाच वाजले होते आणि ऑफिसं उघडी होती. त्याला ते माहीत होतं, आम्हाला नंतर कळलं.

मग त्याने दोन गोष्टींचे पैसे मागितले. ‘सीएआयटी’चे, म्हणजे परदेशी यॉटला इंडोनेशियाच्या हद्दीत शिरायला लागणाऱ्या परवान्याचे 200 डॉलर, आणि यॉट इथे विकणार नाही याची हमी म्हणून 300 डॉलर, जाताना परत मिळणारे. आम्ही बोटीवरचं मार्गदर्शक पुस्तक काढलं, तर दोन्ही गोष्टी त्यात छापलेल्या! खरी मेख इथेच आहे. हा माणूस मनचं काही सांगत नव्हता, शिळे नियम विकत होता. सीएआयटी एकेकाळी सक्तीचाच होता, तो 2015 मध्ये रद्द झाला. हमीच्या रकमेवरून 2008 मध्ये इंडोनेशियातल्याच कुपांग बंदरात कस्टम्सने परदेशी यॉट अडकवून ठेवल्या होत्या. जुनी पुस्तकं बोटीबोटींतून फिरत राहतात आणि या धंद्याला साक्ष देतात. पुस्तकाचं छपाईचं साल आधी बघा.

पैसे दिले. शिक्के मारून आणतो म्हणून तो बोटीच्या नोंदणीचा मूळ कागदही घेऊन गेला.

दुपारी खरे अधिकारी आले. क्वारंटाइन, कस्टम्स, इमिग्रेशन, हार्बर मास्टर. सगळे अतिशय सौजन्याने वागले. व्हिसाचे माणशी 5,00,000 रुपिया, पावतीसकट. (आकडा ऐकून मुलं खूश. तिथे सगळेच लखपती.) यॉट देशात ठेवायला कस्टम्सचं जाहीरपत्र भरायचं, त्यावर तीन वर्षांपर्यंत मुभा मिळते, हमीची रक्कम लागत नाही. आमचा ‘परवाना’ बघून कस्टम्सचा तरुण अधिकारीच ओशाळला.

खाकीवाल्याचा फोन बंद. नोंदणीचा कागद संध्याकाळी त्याच्या एका पोऱ्याने आणून दिला, आणखी 5,00,000 रुपिया घेऊनच. मूळ कागद गेल्यावर घासाघीस कसली करणार? म्हणून सांगते, झेरॉक्सचा गठ्ठा ठेवा, मूळ कागद फक्त तुमच्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्याला दाखवा. बोटीच्या नावाचा रबरी शिक्काही करून न्या, तिथे त्याला फार मान आहे.

डिझेलचंही त्यानेच विचारलं होतं. जेरीकॅन होडीतून आणून देतो, पंपापेक्षा स्वस्त. ते आम्ही घेतलं नाही. शेजारच्या बोटीने घेतलं, आणि त्यांच्या फिल्टरच्या वाटीत पाणी उतरलं. तिथल्या डिझेलमध्ये पामतेलाचं बायोडिझेल मोठ्या प्रमाणात मिसळलेलं असतं आणि ते पाणी धरून ठेवतं, त्यात कुणी वरून पाण्याची भर घातली की इंजिन बसलंच. शिवाय स्वस्त मिळणारं ‘सोलार’ हे डिझेल सरकारी अनुदानाचं, परदेशी यॉटसाठी नाही. ते टाकीत सापडलं तर उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतील, जेरीकॅनवाला तोवर पसार झालेला असतो.