कुडाळच्या बाजारातलं घरगुती कोकम: आगळ आणि मुठेल डोळे झाकून घ्या

कुडाळच्या बाजारात एक काकू घरचं कोकम विकतात, पाटी नाही की ब्रँड नाही, मे महिन्यात गावी गेलो की आम्ही वर्षभराचं त्यांच्याकडूनच उचलतो. रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं त्यांच्या घरामागच्या परड्यात आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला, बरीचशी आपोआप रुजलेली, खत नाही फवारणी नाही.

आगळाला पैकीच्या पैकी. आगळ म्हणजे नुसता कोकमाचा रस आणि मीठ, साखर नाही, रंग नाही. सोलकढीसाठी एका नारळाच्या दुधाला तीन-चार चमचे पुरतं, वर लसूण-मिरची ठेचून टाका, आणि चव बघितल्याशिवाय वेगळं मीठ अजिबात घालू नका कारण आगळात ते भरपूर असतं. सोलकढी छान फिकी गुलाबी होते, काही हॉटेलांत बीट घालून भडक करतात तशी नाही.

आमसुलं काळीशार, मऊ, बोटांना जरा चिकटणारी. बी काढून सालं वाळवायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, परत उन्हात टाकायची, परत बुडवायची, असं बरेच दिवस चालतं, आणि फळं पिकतात नेमकी एप्रिल-मेमध्ये, मधेच पाऊस आला की केलेलं सगळं बुरशीला जातं. म्हणून पाकिटातल्या कडक, मीठ फुटलेल्या आमसुलांपेक्षा ही थोडी महाग पडतात आणि ते पैसे द्यावेत असं मला मनापासून वाटतं. आमटीत दोनच टाकली तरी पुरतात.

मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, मात्र नक्की विचारा कारण ते समोर मांडलेलं नसतं. बिया वाळवून फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, तेल वर तरंगतं ते काढून थिजत आलं की मुठीत वळून गोळे करायचे. पांढरट, घट्ट, उन्हाळ्यातही सहसा पातळ होत नाही. जरा गरम करून टाचांच्या भेगांवर रात्री चोळा, आमच्या आजीचा हाच उपाय होता आणि थंडीत आईच्या टाचांना कुठल्याही क्रीमपेक्षा यानेच गुण येतो. जुनी माणसं हे जेवणातही वापरायची.

सरबताचा पाक मला फार गोड वाटला, त्यापेक्षा आगळ, पाणी, गूळ आणि भाजलेलं जिरं घालून घरी करा. बाटल्यांची झाकणं सैल असतात, बॅगेत ठेवताना प्लास्टिकमध्ये गुंडाळा, कपड्यावर आगळाचा डाग पडला की निघत नाही. पावसाळा लागला की आगळ बऱ्याचदा संपलेलं असतं, मेमध्येच जा.