केस स्टडीला कोणतं घर घ्यावं: सव्हॉय, फॉलिंगवॉटर की फार्न्सवर्थ?

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षी घर डिझाइन करायचं असलं की आधी एका घराची केस स्टडी करायला सांगतात, आणि फिरून फिरून हीच तीन नावं पुढे येतात. तिन्ही घरं थोर, त्यावर वाद नाही. पण सबमिशनला दोन-तीन आठवडे उरलेले असताना यांतलं कोणतं घर तुमच्या स्वतःच्या डिझाइनच्या कामी येईल, एवढंच ठरवायचं आहे.

फार्न्सवर्थ हाउस बरेच जण सोपं वाटतं म्हणून उचलतात. वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहचं हे घर 1951 मध्ये पूर्ण झालं. आठ पोलादी कॉलम, एक तळ, एक छत, चारी बाजूंनी काच आणि आत न्हाणीघर-स्वयंपाकघर पोटात घेतलेला एकच गाभा. प्लॅन तासाभरात काढून होतो आणि उरलेल्या शीटचं करायचं काय, हा प्रश्न पडतो. मीही त्यात फसलो होतो. खरी गंमत जोडकामात आहे. कॉलम तळाच्या खाली नाहीत, कडेच्या चॅनेलला (पन्हळीसारख्या पोलादी तुळईला) बाहेरून चिकटलेले आहेत. वेल्डिंग घासून वर पांढरा रंग दिल्यामुळे जोड दिसतच नाही. 1:5 स्केलला जोडाचं डिटेल काढायची तयारी नसेल तर या घराच्या वाटेला जाऊ नका. टीका करायला मात्र ते उत्तम. शेजारच्या फॉक्स नदीला पूर येतो हे ठाऊक असल्याने तळ जमिनीपासून सुमारे 1.6 मीटर उचलला होता, तरी 1954, 1996 आणि 2008 मध्ये पाणी घरात शिरलंच. खर्चावरून मालकीणबाई डॉ. एडिथ फार्न्सवर्थ आणि मीस यांचं भांडण कोर्टात गेलं, ते वेगळंच.

फॉलिंगवॉटरचं उलट आहे. नुसत्या प्लॅनवरून काही उमगत नाही. ओढ्यातून सेक्शन, म्हणजे उभा छेद, कापला की घर उलगडतं. मालक कौफमन यांना धबधबा समोर दिसेल असं घर हवं होतं, वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने ते धबधब्यावरच नेऊन ठेवलं. जागेवरचा मूळ खडक दिवाणखान्याच्या फरशीतून वर येतो आणि तिथेच शेकोटी आहे. तुमची साइट उताराची असेल, लेव्हल जुळता जुळत नसतील, तर दुसरं घर शोधू नका. स्ट्रक्चरसाठीही हे घर घ्यावं. ओढ्यावर पुढे आलेल्या गच्च्या कॅन्टिलिव्हर आहेत, म्हणजे एकाच टोकाला आधार असलेल्या. त्यांचा स्लॅब खाली आणि बीम त्याच्या वर आहेत. कॅन्टिलिव्हरमध्ये ताण वरच्या बाजूला आणि दाब खाली येतो, त्यामुळे ही मांडणी बरोबरच होती. कमी पडली ती वरची सळई. गच्च्या हळूहळू वाकत गेल्या आणि अखेर 2002 मध्ये केबल ताणून त्यांना आधार द्यावा लागला. फक्त मॉडेलचा हिशेब आधी करा. कंटूर (जमिनीच्या उताराचे थर) आणि दगडी भिंती चिकटवण्यात आठवडा जातो आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर, सगळे मॉडेलचंच कौतुक करतात. अभ्यास कुठे आहे, हे विचारलं की आपण गप्प.

माझं मत व्हिला सव्हॉयला. पॅरिसजवळच्या प्वासीत ल कॉर्ब्युझिए आणि पिएर जानरे यांनी 1928 ते 1931 मध्ये बांधलेलं हे घर पाच मुद्द्यांसाठी पाठ केलं जातं: कॉलमवर उचललेली इमारत, मोकळा प्लॅन, मोकळी दर्शनी बाजू, आडवी सलग खिडकी, गच्चीवरची बाग. हे पाच मुद्दे शीटवर लिहून थांबलात तर काहीच केलं नाहीत. कॉलमची ग्रिड (आखणी) ट्रेसिंगवर काढा, वर घराच्या मधून चढत जाणारा रॅम्प ठेवा. कॉलमांमध्ये चार गाळे असल्याने कॉलमची एक रांग बरोबर मधोमध येते आणि रॅम्पलाही तीच जागा हवी आहे. मग मधले कॉलम रॅम्पच्या दोन्ही बाजूंना सरकले. बाहेरून ग्रिड काटेकोर दिसते, आत मात्र माणसाच्या चालण्यापुढे तिने माघार घेतली आहे. तळमजल्याची काचेची भिंतसुद्धा मोटार वळायला लागणाऱ्या जागेवरून गोल झाली. नियम कुठे पाळला, कुठे मोडला आणि कशासाठी, हे पेन्सिलने तपासता येईल असं दुसरं घर मला सापडलेलं नाही. आपल्या डिझाइनमध्येही कॉलम नेमका खोलीच्या मध्यात येतो, तेव्हा हेच आठवतं. गळतीचं म्हणाल तर सव्हॉयबाईंनी पावसाच्या पाण्याबद्दल लिहिलेली तक्रारीची पत्रं प्रसिद्ध आहेत. सपाट छताचं वॉटरप्रूफिंग शिकायला ती पुरेशी आहेत.

एक अडचण तिन्ही घरांना आहे. आपण ती फोटोत पाहतो. पायरीची उंची पायाला कळत नाही, दुपारचं ऊन कुठवर येतं तेही नाही. म्हणून जोडीला चालत जाता येईल अशी एखादी साधी इमारत टेप घेऊन मोजा. एक जिना आणि एक खिडकी मोजली तरी चालेल. त्या जिन्याचा सेक्शन सव्हॉयच्या रॅम्पशेजारी त्याच स्केलला लावा. जिना कमी जागेत वर नेतो, रॅम्पला लांबी किती लागते, हे शीटवर आपोआप दिसतं.

सव्हॉय घेतलंत तर पहिला सेक्शन रॅम्पमधूनच कापा, एलिव्हेशन (दर्शनी बाजूचं ड्रॉइंग) मागाहून.