नवरा-बायको दोघांनाही तपासणारा मडगावचा दवाखाना

आम्ही फोंड्याजवळ राहतो, तरी मुद्दाम मडगाव गाठलं. गावात औषधाच्या दुकानात पाऊल टाकलं की संध्याकाळी देवळात कोणीतरी विचारतंच, "काय गो, बरं नाही का?" या दुखण्यासाठी ते नको होतं.

यांना जुना मधुमेह, माझी पाळी बंद झालेली. यांची ताठरता टिकत नव्हती, मला संबंधाच्या वेळी आग व्हायची, दुखायचं. आधी एका ठिकाणी मी हे बोलून दाखवलं तर उत्तर आलं, "आता या वयात कशाला?" माझं वय पन्नास. त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही.

मडगावचे डॉक्टर नवरा-बायकोच आहेत. ते युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचे डॉक्टर, त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. बाहेर नाव पुकारत नाहीत, नंबर पुकारतात. आधी दोघांना एकत्र बसवलं, मग वेगवेगळं. यांना पहिला प्रश्न, सकाळी जाग येताना ताठरता असते का? असेल तर शरीर बरंचसं ठीक आहे, आणि ताण, भीती, घरातलं बिनसणं याकडे आधी बघायचं. यांना नसायची. मग तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि सकाळच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तपासलं. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे शरीरातल्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ लागल्याचं तिथे आधी कळतं, कधी कधी छातीत दुखायच्या काही वर्षं आधी. म्हणून गोळी लिहिण्यापूर्वी यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एवढ्यासाठीच मी या दवाखान्याला पूर्ण गुण देईन. रक्तदाबाची जुनी थायझाइडची गोळीही बदलून घ्यायला सांगितली, कारण तिनेही हा त्रास होऊ शकतो.

नंतर यांना ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी दिली. साधारण तासभर आधी घ्यायची, तेलकट जेवणावर घेतली तर उशिरा लागू पडते, आणि मनात इच्छा नसेल तर नुसत्या गोळीने काही होत नाही. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट घेणाऱ्याने ही गोळी अजिबात घ्यायची नाही, रक्तदाब धोकादायक घसरतो. हे त्यांनी कागदावर लिहून मला वेगळं समजावलं, कारण घरात औषधं मी ठेवते.

माझ्या तपासणीला घाई केली नाही. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी होतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं. दुखेल या भीतीने तिथले स्नायू आपोआप आवळले जातात आणि आणखी दुखतं. स्तनाच्या कर्करोगाबद्दल विचारून मगच योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं, सोबत पाण्यावर आधारित वंगण. स्नायू सैल सोडायला फिजिओथेरपी. इच्छाच न होणं, शरीराने साथ न देणं, परमसुखापर्यंत न पोचणं, दुखणं, या बायकांच्या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि चारींचे उपचार वेगळे, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडून कळलं.

दोघांना मिळून एक गृहपाठ होता. काही आठवडे संबंध बंद, फक्त स्पर्श. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७० च्या सुमारास ही पद्धत मांडली. चवथीनंतर पाहुणे गेले आणि आम्ही सुरू केलं. यांच्यावरचं "जमलं पाहिजे" हे ओझं तिथे उतरलं. गोळीइतकाच या गृहपाठाचा उपयोग झाला असं मी म्हणेन.

तक्रारी दोन. फिजिओथेरपीसाठी पणजीला जावं लागतं. आणि औषधांची खिडकी वाट पाहणाऱ्यांच्या समोरच आहे, तिथे औषधाचं नाव मोठ्याने वाचून दाखवतात. आत एवढी काळजी घेतात, तर खिडकी हलवावी, मी तसं लिहूनही दिलंय.

भिंतींवरच्या "गुप्तरोग, खात्रीशीर ताकद" अशा जाहिरातींकडे जाणाऱ्यांना एवढंच सांगते, कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

दुपारी दवाखाना बंद असतो, संध्याकाळी पाचनंतर जा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, ते एकेक बघतात.