फोटोफ्रिन की सोन्याचे नॅनोकण?

कर्करोगाची गाठ प्रकाशाने मारायचे हे दोन उपचार. दोन्हींत औषध शिरेतून आणि प्रकाश फायबरमधून (बारीक काचतंतूतून) जातो. पेशी मारायची रीत मात्र वेगळी.

फोटोफ्रिन हे प्रकाशाने जागं होणारं औषध वजनाच्या दर किलोमागे 2 मिलिग्रॅम देतात आणि 40 ते 50 तासांनी 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतात. औषध तो शोषून ऑक्सिजनला इतकं आक्रमक करतं की पेशी जळतेच. गाठीत ऑक्सिजनच कमी असेल, तर प्रकाश कितीही ओता, व्यर्थ! नंतर किमान 30 दिवस उन्हाचं पथ्य. त्रास दृश्य प्रकाशाचा, म्हणून नेहमीचं सनस्क्रीन कुचकामी. पण अंधारात कोंडून घेणंही चूक: घरातल्या सौम्य उजेडानेच त्वचेतलं औषध हळूहळू निकामी होतं.

सोन्याच्या कणाला ना ऑक्सिजन लागतो, ना उन्हाचं पथ्य. सुमारे 150 नॅनोमीटरचा कण, आत सिलिका, वर सोन्याचा पापुद्रा. 800 नॅनोमीटरच्या आसपासच्या लेझरने तो तापतो आणि त्या उष्णतेने पेशी मरतात. शेजारच्या रक्तवाहिनीने उष्णता वाहून नेली की कडेच्या पेशी वाचतात, हा धोका. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कणांच्या अमेरिकी चाचणीत प्रोस्टेट (पुरुषांतली एक ग्रंथी) कर्करोगाचे 16 रुग्ण होते; फायबर एमआरआय-अल्ट्रासाऊंडचं जोडचित्र पाहून बसवला.

अन्ननलिका तुंबवणाऱ्या गाठीला आज फोटोफ्रिनच. अमेरिकेत त्याला 1995 पासून मान्यता आहे.